‘रितुआल’ आणि त्याच्या सोबतचे शब्द : समारंभ व रोजच्या विधींबद्दल स्पॅनिशमध्ये बोलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड आणि सातारा या भागांत घरी बसून किंवा शिकवणीला जाऊन स्पॅनिश शिकणाऱ्यांना आपल्या घरातील सण, संस्कार आणि नित्यक्रम यांविषयी बोलण्याची वेळ फार लवकर येते. समोरचा स्पॅनिशभाषक पहिल्या ओळखीतच ‘तुमच्याकडे काय पद्धत असते?’ असे विचारतो आणि नेमका तेथेच शब्द अडतो. त्या अडचणीतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले असून ते लॅटिन अमेरिकेतील उच्चारांना धरून आहेत.

समारंभ आणि रोजचे विधी या दोन्हींसाठी एकच शब्द शिकायचा झाल्यास कोणता शिकावा?

‘रितुआल’ हा शब्द शिकावा. मंदिरातील अभिषेक, लग्नातील सप्तपदी, सायंकाळी देवापुढे दिवा लावणे आणि दुपारी चारचा ठरलेला चहा, या सर्वांना हा शब्द चालतो. धार्मिक अर्थ त्यात आहेच, परंतु जी गोष्ट माणूस ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने आणि मनापासून करतो, तिलाही स्पॅनिशभाषक सहज ‘रितुआल’ म्हणतात. हाच शब्द विशेषण म्हणूनही वापरला जातो. ‘बान्यो रितुआल’ म्हणजे विधिपूर्वक केलेले स्नान. दिवाळीतील अभ्यंगस्नानाची ओळख करून देताना ही जोडी उपयोगी पडते.

‘रितुआल’चा उच्चार नेमका कसा करावा?

इंग्रजीची सवय असल्यामुळे बहुतेकांच्या तोंडी प्रथम ‘रिच्युअल’ येते. ते पूर्णपणे सोडून द्यावे, कारण स्पॅनिशमध्ये या शब्दात ‘च’चा लवलेशही नाही. मधला ‘त’ आपल्या ‘तांदूळ’मधील दंत्य ‘त’ आहे. इंग्रजीभाषकांना तो मुद्दाम शिकावा लागतो, मराठी माणसाला तो जन्मतःच येतो. सुरुवातीचा ‘र’ मात्र आपल्या ‘रस्ता’मधील ‘र’पेक्षा अधिक थरथरता आहे. ‘भुर्रकन’ म्हणताना जीभ जशी कंप पावते तसा तो शब्दाच्या आरंभी उच्चारावा. जोर शेवटच्या ‘आल’वर येतो. स्पॅनिशचा सर्वसाधारण नियम असा आहे की स्वर, ‘न’ किंवा ‘स’ यांनी संपणाऱ्या शब्दात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अवयवावर जोर पडतो आणि इतर व्यंजनांनी संपणाऱ्या शब्दात अखेरच्या अवयवावर. जेथे हा नियम मोडतो तेथे अक्षरावर तिरकी खूण दिली जाते. ‘रितुआल’ नियमात बसतो, म्हणून त्यावर खूण नाही. अनेकवचनात तो ‘रितुआलेस’ होतो आणि जोर त्याच ‘आ’वर राहतो.

समारंभासाठी असलेल्या ‘सेरेमोनिया’ या शब्दात जोर ‘मो’वर आहे. स्पेनच्या बहुतांश भागात त्याचे पहिले अक्षर जीभ दातांमध्ये धरून उच्चारतात, तर लॅटिन अमेरिकेत आणि अंदालुसियाच्या बऱ्याच भागात ते सरळ ‘से’ असते. आपण ‘से’ म्हटले तर कोठेही चुकीचे ठरत नाही.

मग ‘रितो’, ‘रितुआल’ आणि ‘सेरेमोनिया’ यांत फरक काय आहे?

लग्नाचे उदाहरण घेतल्यास हा फरक सर्वांत लवकर उलगडतो. आपल्याकडे कार्यालय ठरते, पत्रिका वाटल्या जातात, मांडव पडतो, पाहुणे येतात, सनई वाजते, मानपान होतो आणि जेवणाच्या पंगती उठतात. लोकांसमोर ठरल्या इतमामाने पार पडणारा हा सोहळा म्हणजे ‘सेरेमोनिया’. त्या सोहळ्याच्या पोटात अंतरपाट धरणे, कन्यादान, लाजाहोम आणि सप्तपदी येतात. परंपरेने ज्यांचे शब्द, क्रम आणि कर्ते ठरवून दिलेले आहेत अशी ही कृत्ये म्हणजे ‘रितो’. ‘रितुआल’ हा शब्द दोन्हींकडे झुकू शकतो: अनेक ‘रितो’ मिळून होणाऱ्या संपूर्ण विधानाला तो लावतात आणि वर सांगितल्याप्रमाणे घरगुती नेमालाही लावतात.

यावरून एक व्यवहारी कसोटी मिळते. ज्या प्रसंगाला निमंत्रणपत्रिका असते त्याला बहुधा ‘सेरेमोनिया’ शोभतो. म्हणून पदवीदान, पुरस्कार वितरण, उद्घाटन, क्रीडास्पर्धेचा समारोप या सर्वांना ‘सेरेमोनिया’ म्हणतात, कारण तेथे धर्माचा संबंध असण्याची गरज नसते. सूत्रसंचालकाला ‘माएस्त्रो दे सेरेमोनियास’ म्हणतात आणि ‘सिन सेरेमोनियास’ म्हणजे औपचारिकतेचा घोळ न घालता. याउलट ‘रितो’ हा शब्द धर्म आणि परंपरा यांच्या अधिक जवळचा आहे. मनुष्य एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो त्या वेळच्या विधीला ‘रितो दे पासो’ म्हणतात. मुंज हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

लग्न या प्रसंगाला स्वतंत्र शब्द ‘बोदा’ आहे आणि बोलण्यात तोच येतो. मैत्रिणीच्या लग्नाला गेल्याचे सांगताना उगीच ‘सेरेमोनिया’ वापरल्यास वाक्य अवघडल्यासारखे वाटते.

‘रितो’ म्हणजेच आपली ‘रीत’ असे लक्षात ठेवले तर चालेल का?

शब्द आठवण्यापुरते चालेल, अर्थ ठरवण्यासाठी चालणार नाही. ‘आमच्याकडे पहिल्या दिवाळीला जावयाला बोलावण्याची रीत आहे’ या वाक्यातील ‘रीत’ स्पॅनिशमध्ये ‘कोस्तुम्ब्रे’ होते, ‘रितो’ होत नाही. ‘कोस्तुम्ब्रे’मध्ये रूढी, चालरीत आणि माणसाची सवय असे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गोष्टीसाठी ‘त्रादिसिओन’ आणि रोजच्या वेळापत्रकासाठी ‘रुतीना’ आहे. ‘रुतीना’मध्ये कंटाळ्याची छटा येऊ शकते, त्यामुळे आईच्या देवपूजेला ‘रुतीना’ म्हणणे मला योग्य वाटत नाही. तेथे ‘रितुआल’च म्हणावे.

या शब्दांची लिंगे कोणती आहेत?

‘एल रितो’ आणि ‘एल रितुआल’ पुल्लिंगी, ‘ला सेरेमोनिया’, ‘ला कोस्तुम्ब्रे’, ‘ला त्रादिसिओन’ आणि ‘ला रुतीना’ स्त्रीलिंगी आहेत. मराठीत ‘तो विधी’ आणि ‘ती प्रथा’ असल्यामुळे ‘रितो’ व ‘कोस्तुम्ब्रे’ यांचा मेळ बसतो. अडते ते ‘सेरेमोनिया’पाशी, कारण आपला ‘समारंभ’ पुल्लिंगी आहे.

आमच्या भागातील साखर कारखान्यातील ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ आणि ‘मोळीपूजन’ स्पॅनिशमध्ये कसे सांगावे?

हा प्रश्न सांगली-साताऱ्याबाहेर क्वचितच विचारला जाईल, पण येथे तो हमखास येतो आणि त्याचे उत्तर देताना आनंद होतो, कारण ऊस हा स्पॅनिश बोलणाऱ्या अनेक देशांच्या जीवनाचा भाग आहे. उसाच्या तोडणीच्या व गाळपाच्या हंगामाला तेथे ‘साफ्रा’ म्हणतात. क्युबा, बोलिव्हिया किंवा अर्जेंटिनातील तुकुमान प्रांत येथील माणसाला ‘साफ्रा’ म्हटले की आपल्याकडे ‘गळीत हंगाम’ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर उभे राहते, तेच बरेचसे दिसते. प्रत्यक्ष गाळपाला ‘मोलिएंदा’ आणि उसाला ‘कान्या दे आसूकार’ हे शब्द आहेत.

बॉयलर पेटवण्याच्या समारंभाला ‘ला सेरेमोनिया दे एन्सेन्दीदो दे ला काल्देरा’ म्हणावे. ‘एन्सेन्दीदो’ म्हणजे पेटवणे आणि ‘काल्देरा’ म्हणजे बॉयलर. येथे ‘सेरेमोनिया’च योग्य आहे, कारण अध्यक्ष, संचालक, सभासद आणि कामगार यांच्या उपस्थितीत होणारा तो सार्वजनिक कार्यक्रम असतो. त्या कार्यक्रमात संचालक दांपत्याच्या हस्ते जी पूजा होते, तिच्यासाठी ‘रितुआल’ वापरता येईल. मोळीपूजनाचे वर्णन करताना गव्हाणीत पहिली मोळी टाकण्यापूर्वी तिची पूजा केली जाते असे सांगावे लागते. त्यासाठी ‘ला बेन्दिसिओन देल प्रिमेर आस दे कान्या’ ही रचना ऐकणाऱ्याला लगेच कळते. ‘आस’ म्हणजे मोळी आणि ‘बेन्दिसिओन’ म्हणजे मंगल आशीर्वाद. पूजा या शब्दाचा सर्व आशय त्यात येत नाही, म्हणून ‘पूजा’ हा मूळ शब्द एकदा उच्चारून मग हे स्पष्टीकरण जोडावे.

या उदाहरणात रचनेचा क्रमही दिसतो. मराठीत आपण ‘बॉयलर पेटवण्याचा समारंभ’ म्हणतो, म्हणजे मुख्य शब्द शेवटी येतो. स्पॅनिशमध्ये तो आधी येतो आणि तपशील ‘दे’ लावून मागून जोडले जातात. साखरपुडा ‘ला सेरेमोनिया दे कोम्प्रोमीसो’ आणि वास्तुशांत ‘ला सेरेमोनिया दे बेन्दिसिओन दे ला कासा’ अशाच रीतीने तयार होतात. ही घडण एकदा हातात बसली की नवीन प्रसंगाला नवीन शब्द शोधत बसावे लागत नाही.

मराठीत लग्न ‘लागते’, गोंधळ ‘घालतात’, ओटी ‘भरतात’. स्पॅनिशमध्ये प्रत्येकासाठी वेगळे क्रियापद आहे का?

नाही, आणि ही शिकणाऱ्याची मोठी सोय आहे. ‘सेलेब्रार’ हे एक क्रियापद बहुतेक ठिकाणी पुरते. ‘सेलेब्रार ऊना सेरेमोनिया’, ‘सेलेब्रार ऊन रितो’ हे दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत. ‘सेलेब्रार’चा अर्थ आनंदोत्सव करणे एवढाच मर्यादित नाही, हे मात्र विसरू नये. एखादा विधी यथासांग पार पाडणे असा त्याचा व्यापक अर्थ असल्यामुळे अंत्यविधीच्या बातमीतही ते क्रियापद येते आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

पौरोहित्य करण्यासाठी ‘ओफिसिआर’ आहे. समारंभाला उपस्थित राहण्यासाठी ‘आसिस्तीर आ’ वापरतात. इंग्रजीच्या ओळखीमुळे त्याचा अर्थ ‘मदत करणे’ असा घेण्याची चूक फार होते. ‘आसिस्ती आ ला बोदा दे मी प्रीमा’ म्हणजे ‘मी माझ्या बहिणीच्या लग्नाला उपस्थित होतो’. ही ‘प्रीमा’ चुलत, मावस, मामे किंवा आते यांपैकी कोणतीही असू शकते, आणि आपल्या कानांना ते फारच मोघम वाटते.

सडा-रांगोळी, दिवेलागण, तुळशीला पाणी घालणे अशा रोजच्या गोष्टींबद्दल कसे बोलावे?

येथे नाम शोधण्याची घाई करू नये, असा माझा आग्रह आहे. स्पॅनिशमध्ये नित्याची गोष्ट बहुधा क्रियापदातून व्यक्त होते आणि त्यासाठी ‘सोलेर’ हे फार सुंदर साधन आहे. त्याचा अर्थ ‘नेहमी करत असणे’ असा असून त्याच्यापुढे दुसऱ्या क्रियापदाचे मूळ रूप येते. ‘सुएलो एन्सेन्देर ला लाम्पारा आल आनोचेसेर’ म्हणजे ‘दिवेलागणीला मी दिवा लावत असतो’. ‘आल आनोचेसेर’, अर्थात अंधार पडू लागताना, या दोन शब्दांत आपली तिन्हीसांजेची वेळ बरोबर पकडली जाते.

भूतकाळात ‘सोलीआ’ हे रूप वापरावे. मराठीतील ‘आजी पहाटे उठून सडा घालत असे’ या वाक्यातील ‘घालत असे’ जे काम करते, तेच ‘सोलीआ’ करते. एकदाच घडून गेलेल्या प्रसंगासाठी आणि भविष्यकाळासाठी मात्र ‘सोलेर’ वापरत नाहीत.

दुसरा मार्ग वेळदर्शक शब्दांचा आहे. ‘तोदास लास मान्यानास’ म्हणजे रोज सकाळी. ‘तोदास लास मान्यानास मी माद्रे दिबुखा ऊन रांगोळी देलान्ते दे ला पुएर्ता’ या वाक्यात आई रोज सकाळी दारापुढे रांगोळी काढते, हे सरळ आले. ‘दिबुखा’तील ‘ख’ घशातून घर्षणाने काढावा. इतके सांगून झाल्यावर त्या कृतीचे मोल सांगायचे असेल तेव्हा नामाकडे यावे: ‘एस ऊन रितुआल’. आधी कृती आणि मग तिचे नाव, या क्रमाने बोलल्यास ऐकणाऱ्याला चित्र दिसते आणि शब्दाला वजन येते.

सोळा संस्कारांना ‘साक्रामेन्तो’ म्हणता येईल का?

म्हणू नये. ‘साक्रामेन्तो’ हा कॅथलिक धर्मव्यवहारातील निश्चित अर्थाचा शब्द आहे आणि बाप्तिस्मा, विवाह, रुग्णाभ्यंग इत्यादी सात संस्कारांनाच तो लागतो. त्याच कारणाने बारशाला ‘बाउतीसो’ म्हणणेही टाळावे, कारण त्यातून बाळाचा बाप्तिस्मा झाला असा समज होईल. बारशासाठी ‘ला सेरेमोनिया दे इम्पोसिसिओन देल नोम्ब्रे’, म्हणजे नाव ठेवण्याचा समारंभ, असे म्हणावे. सोळा संस्कारांचा एकत्रित उल्लेख ‘रितोस दे पासो’ असा करता येतो.

हळदीकुंकू, बेंदूर यांसारख्या शब्दांचे भाषांतर करावे की तेच शब्द ठेवावेत?

मूळ शब्द ठेवावेत आणि लगेच एका वाक्यात ते समजावून सांगावेत. हळद म्हणजे ‘कूर्कुमा’. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे या गावच्या माणसाने तरी हा शब्द पक्का करावा. कुंकवाला ‘पोल्बो रोखो’, म्हणजे लाल पूड, असे म्हटले की पुरते. सुवासिनी एकमेकींना हळदीकुंकू लावतात, वाण देतात आणि तीळगूळ वाटतात असे सांगून शेवटी ‘ऊन रितुआल एन्त्रे मुखेरेस’, म्हणजे स्त्रियांमधील एक विधी, असे म्हणावे.

बेंदराबाबत विशेष काळजी घ्यावी. इतरत्र श्रावणात पोळा होतो, तर आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात आषाढात बेंदूर साजरा होतो. बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, झुली चढवून, पुरणपोळीचा घास भरवला जातो. हे सांगताना बैलासाठी ‘तोरो’ हा शब्द वापरला, तर स्पेनच्या माणसाच्या मनात तत्काळ बैलझुंजीचे रिंगण उभे राहते आणि आपल्या कृतज्ञतेच्या सणाचा अर्थ पूर्ण उलटतो. नांगराच्या बैलाला ‘बुएइ’ आणि अनेकवचनात ‘बुएयेस’ म्हणतात. तोच शब्द वापरावा.

स्पॅनिशभाषक लोकांचे स्वतःचे रोजचे विधी कोणते आहेत? ते माहीत असावेत का?

अवश्य असावेत, कारण ‘रितुआल’ हा शब्द त्यांच्या तोंडी कोठे येतो ते त्यातून कळते.

अर्जेंटिना, उरुग्वे आणि पाराग्वे येथील ‘माते’ हे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ‘येर्बा माते’ या वनस्पतीची वाळलेली पाने भोपळ्याच्या छोट्या पात्रात भरतात आणि त्यावर गरम, परंतु उकळी न फुटलेले पाणी ओततात. धातूच्या ‘बोंबिया’ नावाच्या नळीने ते पितात. पाणी ओतण्याचे काम एकच व्यक्ती करते. तिला ‘सेबादोर’ म्हणतात आणि पात्र तिच्याकडून प्रत्येकाकडे क्रमाने जाते. पात्र परत देताना ‘ग्रासिआस’ म्हटले, तर आपल्याला आणखी नको असा त्याचा अर्थ होतो, त्यामुळे सौजन्यापोटी पहिल्याच फेरीत आभार मानणाऱ्या पाहुण्याला दुसरी फेरी मिळत नाही. अर्जेंटिनाने 2013 मध्ये कायदा करून माते हे राष्ट्रीय पेय ठरवले. ‘एल रितुआल देल माते’ हा शब्दप्रयोग तेथे नित्याचा आहे.

स्पेनमध्ये जेवण झाल्यावर ताटे तशीच ठेवून, कॉफी घेत, टेबलाभोवती रंगणाऱ्या गप्पांना ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. 31 डिसेंबरच्या मध्यरात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातील घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे खाण्याची पद्धतही अशीच घरोघरी पाळली जाते. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना ही माहिती विशेष आवडते.

मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला ‘दिआ दे मुएर्तोस’ पाळला जातो. घरात ‘ओफ्रेंदा’ मांडून त्यावर गेलेल्या माणसाचे छायाचित्र, मेणबत्त्या आणि त्याच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. पितृपक्षात पान वाढणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या मांडणीत ‘सेंपासुचिल’ची केशरी फुले असतात. हा आपला झेंडूच आहे, कारण दसऱ्याला आपण दाराला ज्या झेंडूचे तोरण बांधतो, त्याचे मूळ स्थान मेक्सिको व त्याच्या आसपासचा प्रदेश आहे. युनेस्कोने या परंपरेची नोंद 2008 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.

दुःखद प्रसंगी कोणते शब्द वापरावेत?

अंत्यविधींना ‘रितोस फुनेरारिओस’ म्हणतात. माहुलीला, कराडच्या प्रीतिसंगमावर किंवा सांगलीत कृष्णेच्या घाटावर होणाऱ्या रक्षाविसर्जनाविषयी सांगताना ‘एस्पार्सीर लास सेनीसास एन एल रीओ’, म्हणजे रक्षा नदीत सोडणे, असे म्हणावे. सांत्वन करताना ‘मी मास सेन्तीदो पेसामे’ हे वाक्य म्हणतात. ते जसेच्या तसे पाठ करावे. त्या वेळी विधींची चौकशी करू नये.

भ्रमणध्वनीवरील भाषांतरावर विसंबून राहता येईल का?

एकेका शब्दासाठी मर्यादित प्रमाणात येईल. ‘ओटी भरणे’ किंवा ‘गोंधळ घालणे’ यांसारख्या प्रयोगांचे शब्दशः भाषांतर मात्र निरर्थक होते. रेआल अकादेमिआ एस्पान्योला या 1713 मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश भाषेच्या संस्थेचा शब्दकोश महाजालावर विनामूल्य पाहता येतो. अर्थ आणि लिंग तेथे तपासावे.

सराव कसा करावा?

आपल्या घरातील एक प्रसंग निवडावा आणि तो तीन वाक्यांत सांगावा: कोण करते, केव्हा करते, काय करते. नंतर त्याला ‘रितुआल’, ‘सेरेमोनिया’ किंवा ‘कोस्तुम्ब्रे’ यांपैकी कोणता शब्द लागतो ते ठरवून, तसे का ठरवले हे एका वाक्यात लिहावे. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या प्राथमिक पातळीच्या तोंडी भागात स्वतःविषयी बोलावे लागते, तेथे ही तयार वाक्ये कामी येतात. घरातील ज्येष्ठांना विचारून त्या विधीचा तपशील आधी मराठीत नीट समजून घ्यावा. मुंजीत मातृभोजन केव्हा होते किंवा बेंदराला बैलाच्या शिंगांना काय लावतात, हे ज्याला मराठीत सांगता येते त्याचे स्पॅनिश वाक्य अडखळत नाही.